सातबारा मेलेल्याच्या नावावर

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळी बोलून झाले. आता बोलायचे आहे ते अशा एका विषयावर, की जो काढला तर घरातले म्हातारे रागावतात आणि नाही काढला तर मागाहून सारे घर कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. आपण मेल्यावर आपल्या जमिनीचे काय, हा तो विषय.

कोणी म्हणेल, तुम्ही तर शेतकी कॉलेजात शिकलेले. बियाण्याचे सांगा, खताचे सांगा. मृत्युपत्राचे वकिलाने सांगावे. बरोबर आहे. म्हणून सुरुवात बियाण्यापासूनच करतो. ज्वारी पेरण्याआधी किलोभर बियाण्याला चार-पाच ग्रॅम गंधक चोळले तर दाणे काणी येत नाही. खर्च किती? चहाच्या कपाएवढाही नाही. पण गंधक न चोळता पेरले आणि कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी दिसली, तर मग विद्यापीठातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ आणला तरी त्या कणसाला औषध नाही. जमिनीच्या वारशाचे अगदी असेच आहे. माणूस जिवंत असताना वकिलाचे काम दोन-चार बैठकांचे असते. माणूस गेल्यावर तेच काम दहा-पंधरा वर्षांचे होते, आणि ते करताना भाऊ भावाला ओळखत नाही.

हात वर करून सांगा, किती जणांच्या सातबाऱ्यावर आज वारलेल्या माणसाचे नाव आहे? बापाचे, आजाचे, चुलत्याचे?

(निम्म्याहून अधिक हात वर होतात.)

पाहा एकमेकांकडे. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली, आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि मग १ एप्रिलपासून राज्यभर. मोहिमेचे नावच सांगते की तोवर सातबारा मेलेला होता. ही सरकारने दिलेली कबुली आहे. पण दोष सगळा सरकारवर ढकलू नका. बाप गेल्यावर तेराव्याला पाचशे पाने उठवायला आपल्याला वेळ असतो, तलाठ्याकडे एक अर्ज द्यायला नसतो.

मेलेल्याच्या नावाने काय काय अडते

सातबारा मेलेल्याच्या नावावर असला की बँक पीककर्ज नवे करून देत नाही. सरकारी कापूस खरेदीला जायचे तर सातबारा कोणाच्या नावाचा, हा प्रश्न. पीकविम्याची भरपाई आली तर घ्यायची कोणी, हा प्रश्न. किसान सन्मानाचा हप्ता बंद. विहीर मंजूर करायची तर सर्व खातेदारांची संमती आणा. आणि त्या खातेदारांतला एक स्वर्गात, दुसरा पुण्यात.

यात जमीन तरी किती उरली आहे? कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर झाली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. आजाच्या काळी धुऱ्यावरून भांडण झाले तरी दोघांनाही पोटापुरते उरत होते. आज सव्वातीन एकर कोरडवाहूवर एक दिवाणी दावा लागला, तर दाव्याचा खर्च त्या जमिनीच्या पिकातून निघणे नाही. जमीन विकून वकिलाची फी द्यायची, आणि ज्या जमिनीसाठी फी द्यायची ती तीच. याला आम्ही शहाणपण म्हणणार नाही.

वकील नेमके काय करतो

गावोगावची प्रकरणे घेऊन आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका जुन्या वकीलसाहेबांच्या कचेरीत बसत आलो आहोत. मृत्युपत्रे आणि वारसाची प्रकरणे हेच त्यांचे मुख्य काम. आमची समजूत होती, वकील म्हणजे कोर्टात भाषण करणारा माणूस. हे गृहस्थ बोलतातच कमी. विचारतात जास्त. शेतकरी समोर बसला की पहिला प्रश्न : "आजा कधी वारला?"

माणूस चक्रावतो. मी माझ्या मृत्युपत्रासाठी आलो, आजाचे काय? पण वारसाच्या कामाची मेख तिथेच आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. त्याआधी वडिलोपार्जित म्हणून चालत आलेली जमीन वेगळी, आणि त्यानंतर बापाकडून वारसाने एकट्याच्या वाट्याला आलेली जमीन वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या एका निकालानंतर ही दुसरी जमीन मुलाच्या हातात बहुधा त्याची स्वतंत्र मिळकत समजली जाते. आपण मात्र सगळ्यालाच 'बापजाद्याची' म्हणतो.

मग वकीलसाहेब कागदावर वंशावळ काढतात. मेलेले, जिवंत, परगावी गेलेले, दत्तक गेलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळे. एक नाव लपवले तर पुढे तेच नाव दावा घेऊन येते. मग मिळकतीचे ढीग पाडतात : वडिलोपार्जित किती, स्वतःच्या कमाईने घेतलेली किती, बायकोच्या नावाची किती. बायकोच्या नावाची जमीन बायकोची आहे, तिची व्यवस्था तिने करायची, नवऱ्याने नाही. मग भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर आधी थांबा, त्या जमिनीच्या अटी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. मग कर्ज : सोसायटीचे, बँकेचे, सावकाराचे. सगळे झाल्यावर शेवटी विचारतात, "आता सांगा, कोणाला काय द्यायचे?" आपण हा प्रश्न पहिला समजून येतो. तो शेवटचा असतो.

बारा एकरांचा हिशेब

एक घर घेऊ. जमीन १२ एकर, वडिलोपार्जित. घरात नवरा, बायको, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी. बाप मृत्युपत्र न करता वारला. कोणाला किती?

कायदा असे समजतो की मरण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली. बाप, दोन मुलगे आणि मुलगी यांचे सारखे हिस्से, आणि बाप-मुलांत वाटणी झाली की आपल्याकडे बायकोलाही मुलाइतकाच हिस्सा. म्हणजे पाच वाटे. प्रत्येकी २ एकर १६ गुंठे. आता बापाचा जो वाटा, २ एकर १६ गुंठे, तो त्याच्या वारसांत जातो. वारस चार : बायको, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी २४ गुंठे. बेरीज करा. चौघांनाही ३-३ एकर.

हेच १२ एकर बापाने स्वतः घेतलेले असते तर? मृत्युपत्र नसेल तर तेही चौघांत सारखे, ३-३ एकर. मग फरक कुठे? फरक मृत्युपत्रात आहे. स्वतःच्या कमाईचे १२ च्या १२ एकर तो हवे त्याला लिहून देऊ शकतो. वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला २ एकर १६ गुंठ्यांचा वाटा. बाकीचे त्याचे नाहीतच, तर तो देणार कसे? कितीतरी मृत्युपत्रे इथेच फसतात. बाप लिहितो, 'माझे सर्व १२ एकर दोन मुलांना', आणि मरतो. पोरे समजतात काम झाले.

याच अधिकाराचा चांगला उपयोगही होतो. बापाने आपला वाटा बायकोच्या नावे लिहिला तर तिचे होतात ४ एकर ३२ गुंठे, आणि तिन्ही मुलांचे प्रत्येकी २ एकर १६ गुंठे. म्हातारपणी तिला कोणाच्या ताटाकडे पाहावे लागत नाही.

हा हिशेब हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू. मुसलमान बांधवांचा कायदा वेगळा आहे. त्यांना मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येते, आणि वारसांपैकीच एखाद्याला द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा लागू नाही. आपल्या सभेत गोंड आहेत, कोलाम आहेत, त्यांनी वकिलाला हे आधी सांगावे. दुसऱ्याच्या घरचा हिशेब आपल्या घराला लावू नये.

मृत्युपत्र कसे करायचे

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. कोऱ्या कागदावर चालते. मराठीत चालते. हाताने लिहिलेले चालते. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, कारण नोंदवलेला कागद हरवत नाही आणि खोटा म्हणणाऱ्याचे तोंड थोडे तरी बंद होते. थोडे म्हणतो. नोंदवले म्हणून कोर्टात आव्हान देता येत नाही असे नाही.

सही किंवा अंगठा करणाऱ्याचा, आणि निदान दोन साक्षीदार. त्या साक्षीदारांनी सही होताना पाहिलेले हवे, आणि त्यांनी सही करणाऱ्याच्या समोर सही करायला हवी. आपल्याकडे काय होते? म्हातारा कागदावर अंगठा उठवतो, आणि साक्षीदारांच्या सह्या दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर घेतात. पुढे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचे झाले तर साक्षीदार हयात असेपर्यंत निदान एकाला पिंजऱ्यात उभे करावे लागते. समोरचा वकील त्याला एकच विचारतो, "अंगठा घेतला तेव्हा तू कुठे होतास?" संपले.

म्हणून साक्षीदार आपल्याहून लहान वयाचे घ्या, गावात राहणारे घ्या. ज्याला जमीन मिळणार त्याला साक्षीदार करू नका, आणि सही करायला निबंधकाकडे त्याच्याच गाडीतून जाऊ नका. ज्याचा फायदा त्यानेच मृत्युपत्र लिहवून घेतले असे दिसले, की कोर्ट त्या कागदाकडे संशयाने पाहते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकते. वय झाले असेल, आजारपण असेल, तर शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा जोडा. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा स्पष्ट लिहा. 'विहिरीजवळचे वावर' असे लिहू नका. विहीर बुजते. एखाद्या वारसाला कमी द्यायचे असेल तर त्याचे कारण एका वाक्यात लिहा. ज्याने नुसते वगळले, त्याच्या मागे भांडण राहिले.

तारीख घाला. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, आणि शेवटचे ते खरे.

बक्षीसपत्र आणि नॉमिनी

दोन गैरसमज इथेच मोडून टाकू.

पहिला, बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र एकच असा. मृत्युपत्र आपण मेल्यावर लागू होते, तोवर जमीन आपली. बक्षीसपत्र नोंदवले की जमीन आजच गेली. पोराच्या नावाने सगळे बक्षीस करून बाप पुढच्या उन्हाळ्यात ओसरीवर, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. द्यायचेच असेल तर 'मला अखेरपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द कागदात असू द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने, ही अट मोडली तर तो कागद रद्द करून मागता येतो. अटच नसेल तर वाट फार बिकट होते.

दुसरा गैरसमज, नॉमिनीचा. बँकेत, सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा, असा समज आहे. विम्याच्या एका प्रकरणात १९८४ साली आणि शेअर्सच्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की नॉमिनी हा मालक होत नाही. तो पैसे हातात घेणारा. वारसांना वाटून देण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. नॉमिनी लावाच, त्याने पैसा लवकर निघतो. पण त्याला मृत्युपत्र समजू नका.

माणूस गेल्यावरचे काम

माणूस गेला, की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याला, वारसाची वर्दी द्यायची. अर्जाची पोच घ्यायची. मृत्यूचा दाखला, वंशावळ, असल्यास मृत्युपत्र जोडायचे. त्याची नोंद वारसाच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये होते, मग फेरफार लिहिला जातो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. इतके साधे काम आहे.

हरकत आली की काम साधे राहत नाही. नोंद विवादग्रस्तात जाते. तिथून तहसील, मग प्रांत, मग अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त. प्रत्येक पायरीवर तारखा. आणि गंमत अशी की या सगळ्या पायऱ्या चढून गेल्यावर कळते, फेरफाराने मालकी ठरतच नाही. महसुली नोंद ही साऱ्यापुरती. मृत्युपत्र खरे की खोटे, हिस्सा कोणाचा किती, हे दिवाणी कोर्ट ठरवते. मग दावा लावायचा. कोर्ट आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा करते. त्यावर अपील. ते संपले की शेतजमीन प्रत्यक्ष वाटायला प्रकरण पुन्हा जिल्हाधिकाऱ्याकडे येते, आणि भूमी अभिलेखचा मोजणीदार साखळी घेऊन वावरात येईपर्यंत दावा लावणारा कधी कधी स्वतःच सहा-क मध्ये गेलेला असतो.

प्रोबेट हा शब्दही तुमच्या कानावर आला असेल. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरे आहे असा कोर्टाचा शिक्का. त्याची सक्ती वर्षानुवर्षे मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाख्याच्या शहरांपुरती राहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने आपल्या वावराचे मृत्युपत्र केले तर त्यासाठी ती सक्ती नव्हती. 'प्रोबेट आणा, मग नोंद करतो' असे तुम्हाला कोणी सांगितले तर लेखी मागा. आणि प्रोबेट कोर्ट मृत्युपत्र खरे आहे का एवढेच पाहते, जमीन कोणाची हे पाहत नाही. बँकेतल्या ठेवीसाठी कधी कधी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात, तो वेगळा कागद. तो दिवाणी कोर्टातून मिळतो.

भाऊ भांडत नसतील तर कोर्टाची गरजच नाही. महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे सगळ्यांच्या संमतीने तहसीलदाराकडे वाटणी होते. भांडत असतील तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का आणि त्यावर अपील नाही. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा.

कर्जाबद्दल

बाप फास घेऊन गेला, आणि आठ दिवसांत सावकार दारात, अशी घरे आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या घरातल्या पोरांनी एवढे ध्यानात ठेवावे. बापाचे कर्ज बापाने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होते. तुम्ही स्वतः जामीन राहिला नसाल, सहकर्जदार म्हणून सही केली नसेल, तर तुमच्या मजुरीतून, तुमच्या पगारातून ते मागता येत नाही. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी तर, केवळ पोटचा मुलगा आहे म्हणून बापाचे कर्ज फेडलेच पाहिजे, हा जुना धर्मशास्त्राचा आधारही कायद्याने काढून टाकला. दुःखात कोणत्याही कागदावर सही करू नका. आधी कागद वकिलाला दाखवा.

आमच्याच घरचे

आता जे सांगतो ते सांगायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

मघा १२ एकरांचा हिशेब मांडला, ते घर आमचेच. २०११ साली वडील वारले. मृत्युपत्र नव्हते. आम्ही तेव्हा तिशीतले, शेतकीची पदवी घेतलेले, गावात शिकलेले म्हणून मान असलेले. चौदाव्या दिवशी आम्ही दोघे भाऊ बहिणीला घेऊन तालुक्याला गेलो आणि हक्कसोडपत्र नोंदवले. तिने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. परत येताना तिला साडी घेतली. सगळे गाव म्हणाले, बहीण असावी तर अशी. आईचाही हक्क त्याच कागदाने सोडवून घेतला. कायदा आम्हाला ठाऊक नव्हता असे नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हिस्सा देणारा कायदा १९९४ सालीच केला होता. २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. आम्हाला ठाऊक होते, म्हणून तर घाईने सही घेतली.

सात वर्षांनी तिचा नवरा गेला. त्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, सासऱ्याचे होते. सासर म्हणाले, म्हातारा जिवंत आहे, वाटणी कशाची? दोन लेकरे घेऊन ती माहेरी आली. दिवाळीला आम्ही गावी गेलो, तर ती आईबरोबर कापूस वेचत होती. तिच्याच बापाच्या वावरात, मजुरीने. आमचा भाऊ तिला किलोमागे पैसे देत होता, इतर बायांना देतो तेवढेच. ती काही बोलली नाही. संध्याकाळी फक्त म्हणाली, "भाऊ, तेव्हा मी कशावर सही केली ते एकदा वाचून दाखव."

आम्ही वाचून दाखवले. तिचे ३ एकर होते.

हक्कसोड एकदा नोंदवले की ते मोडायला दिवाणी दावा लागतो, आणि त्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची. बहीण भावांवर दावा लावायला तयार नव्हती. तिने सोडलेल्या ३ एकरांपैकी निम्मे, १ एकर २० गुंठे, आमच्याकडे आले होते. गेल्या वर्षी आम्ही ते तिच्या नावाने नोंदणी करून दिले. उरलेले १ एकर २० गुंठे अजून भावाकडे आहेत, आणि भाऊ आमच्याशी बोलत नाही. आईचा सोडलेला हिस्साही तसाच आहे. त्यावर आम्ही रोज विचार करतो आणि उत्तर सापडलेले नाही. वडिलांनी एक पान लिहिले असते तर हे तिन्ही माणसे आज एका ओसरीवर बसली असती. आणि वडिलांना ते पान लिहायला कोणी सांगायचे होते? घरात शिकलेला माणूस एकच होता.

११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की मुलीचा हा हक्क जन्माचा आहे, २००५ साली बाप जिवंत असो की नसो. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या तेवढ्या सुटल्या. तेव्हा 'मुलीला हुंडा दिला, आता जमीन कशाची' हे बोलणे बंद करा. हुंडा घेणारे आणि जमीन सोडणारी, ही दोन वेगळी माणसे आहेत.

आपल्यात असेही होऊन गेले आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, तेव्हा गावेच्या गावे पुढे आली आणि पुरुषांनी आपल्या हयातीत बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली शासनालाही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक काढावे लागले. ते कोणी मेल्यावर वाटलेले नव्हते, जिवंतपणी हाताने दिलेले होते. त्यातल्या कितीतरी बायका आज म्हाताऱ्या आहेत, स्वतःच्या सातबाऱ्यावर जगत आहेत. त्यांना विचारा, फरक काय पडला.

घरी जाऊन काय करायचे

भाषण ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे, असे आज नको. तीन कामे घेऊन जा.

एक, आपला सातबारा आणि आठ-अ काढा. त्यावर मेलेल्याचे नाव असेल तर या महिन्यात वारसाचा अर्ज द्या, पोच घ्या.

दोन, एका रात्री जेवणे झाल्यावर घरच्या सगळ्यांना बसवा. बायकोला आणि मुलींनाही. वंशावळ लिहा, जमिनीचे ढीग पाडा, कर्ज मांडा. नवऱ्याला ठाऊक नसलेले कर्ज बायकोला आणि बायकोला ठाऊक नसलेले नवऱ्याला, दोन्ही त्या रात्री बाहेर येऊ द्या. भांडण झाले तर होऊ द्या. तुम्ही जिवंत आहात, मिटवाल.

तीन, ते कागद घेऊन वकिलाकडे जा. एकटे जायची भीती वाटत असेल तर गावातले दहा-पंधरा जण मिळून जा. आम्ही बरोबर येऊ. आणि कोणाची बहीण, लेक, विधवा सून हक्कसोडावर सही करणार असेल, तर सही करण्याआधी तो कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा. हिश्शाच्या एकर-गुंठ्यांसकट. ऐकून घेऊनही तिने सोडले, तर ते तिचे मोठेपण. न वाचता घेतले, तर ती चोरी आहे. आम्ही केली आहे, म्हणून सांगतो.

पेरणीला अजून वेळ आहे. गंधक आताच चोळायचे असते.